पाकिटावर पत्ता नाही

बाबा,

सा. न. वि. वि.

वडीलधाऱ्यांना पत्र लिहिताना असा मायना घालायचा, हे शाळेत शिकलेलं. लिहिताना हात अडखळला, कारण ज्यांना साष्टांग नमस्कार घालायचा, त्यांनाच आम्ही जिन्याखालून उठवलं होतं. मायना बदलून पाहिला, तो आणखी खोटा वाटला, म्हणून हाच राहू दिला. आणि पत्र उघडं लिहितोय, कारण बंद पाकिटावर नाव लागतं, पत्ता लागतो. तुमचं नाव मी कधी विचारलं नाही. पत्ता म्हणावा असा जो काही होता, तो आम्हीच काढून घेतला.

ओळख पटावी म्हणून सांगतो. तुम्ही मला ‘झेरॉक्सवाले’ म्हणायचा. माळीवाडा बसस्थानकापासून चालत पाच मिनिटांवरचं कॉम्प्लेक्स, तळमजला, कोपऱ्यातला गाळा. माझा धंदाच तसा पत्त्यांचा आहे. दिवसभर लोक आधार, रेशनकार्ड, लाइटबिल घेऊन येतात आणि ‘पत्त्याची बाजू पण काढा’ म्हणतात. फॉर्म भरून देतो त्यातही तिसऱ्या नाहीतर चौथ्या ओळीत पत्त्याचा रकाना असतोच. तो रकाना रिकामा सोडलेला फॉर्म वीस वर्षांत एकही पाहिलेला नाही. तसे लोक काउंटरपर्यंत येतच नाहीत, हे फार उशिरा लक्षात आलं.

तुमची जागा म्हणजे जिन्याखालचा तो तिकोनी कोपरा. उभं राहिलं तर डोकं आपटेल असा. दिवसा तिथं पाण्याचे जार आणि वरच्या मोबाइलवाल्याची रिकामी खोकी असायची. नऊ-साडेनऊला शटरं पडली की तुम्ही त्या खोक्यांचे पुठ्ठे अंथरायचा, आणि सकाळी पहिलं शटर वर जायच्या आत ते घडी घालून होते तसे ठेवायचा. एकदा माझ्या शटरचं एक कुलूप नीट लागलं नव्हतं, तर त्यासमोर बसून तुम्ही रात्र काढली होती. आणि दोनदा-तीनदा तुम्ही पिऊन आला होता, मीटररूमची भिंत ओली केली होती, हेही खरं. दोन्ही लिहितोय, कारण एवढ्यात मला फक्त पहिलंच आठवायला लागलंय आणि त्या आठवणीवर माझा भरवसा नाही. ‘माणूस चांगला होता हो, त्याला झोपू द्यायला हवं होतं’ असं म्हणून मन हलकं करायचं, तर जो चांगला नाही त्याचं काय? प्यायलेल्यालाही नगरची थंडी तेवढीच लागते.

आपलं नीट बोलणं झालं ते एकदाच, चहाच्या टपरीवर. तुम्ही पाथर्डीकडचे, ऊसतोडीला जायचा, एवढं कळलं. घरी का जात नाही, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, “जोडी मोडली, झेरॉक्सवाले. अर्ध्या कोयत्याला कोन उचल देतं?” मी मान हलवली, पण समजलं नव्हतं. नंतर एका गिऱ्हाइकाकडून समजलं. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको. तो तोडणार, ती मोळ्या बांधून वाहणार. हंगामाआधी उचल मिळते ती या जोडीला. बायको गेली की माणूस अर्धा कोयता होतो. कुणा नातेवाइकाच्या जोडीला लागून एखाद-दुसरा हंगाम निघतो, मग गुडघे जातात. सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात 1950 साली आमच्याच जिल्ह्यात, प्रवरेकाठी लोणीला झाली, हे आम्ही पाहुण्यांना मोठ्या कौतुकानं सांगतो. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, दुष्काळी पट्ट्यात, कोयते तयार होतात आणि मोडतात. मोडलेला कोयता शेवटी एसटीत बसतो आणि जिथं ती रिकामी होते तिथं उतरतो. बसस्थानकाजवळच्या कॉम्प्लेक्सचे जिने कुणासाठी आहेत, हे बिल्डरच्या नकाशात नसतं.

आता त्या मीटिंगबद्दल. तुमच्याविषयी होती, पण तुम्ही तिथं नव्हता.

जानेवारी 2025. आम्ही अकरा गाळेधारक, विषय दोन. पहिला, जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय, तर कॉम्प्लेक्सच्या मोठ्या पाटीवरचा पत्ता बदलून घ्यायचा का. त्यावर पाऊण तास गेला. रंग कोणता, अक्षर किती मोठं, ‘नगर’ कंसात ठेवायचं की नाही. एकानं अहिल्याबाईंवर छोटं भाषणही केलं. जामखेडजवळच्या चौंडीचा जन्म, काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा. टाळ्या झाल्या. दुसरा विषय ‘जिन्याखालचा प्रॉब्लेम’. तो दहा मिनिटांत संपला. वाटसरूला रात्री छप्पर मिळावं म्हणून देशभर धर्मशाळा बांधणाऱ्या बाईचं नाव पाटीवर घालायचं ठरवून आम्ही लगेच जिन्याला चॅनेल गेट बसवायचं ठरवलं, हे त्या वेळी कुणाच्याच ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. हात वर करताना मी मोबाइल बघत होतो.

तक्रारी खोट्या नव्हत्या, तेही सांगितलं पाहिजे. मीटररूमला लागून कुणी विडी ओढली आणि काही झालं तर अकराच्या अकरा गाळे जातील. सकाळी घाण कुणी काढायची? पहिल्या मजल्यावर ब्लाउज शिवणाऱ्या ताई आहेत. लग्नसराईत त्यांना निघायला दहा वाजतात, आणि अंधाऱ्या जिन्यावरून उतरताना खाली कोण झोपलंय हे दिसत नाही. त्यांची भीती मला आजही रास्त वाटते. पण मीटिंगमध्ये त्या नेमकं काय म्हणाल्या होत्या ते मी नंतर आठवून पाहिलं. त्या म्हणाल्या होत्या, जिन्यात दिवा लावा. गेट त्यांनी मागितलं नव्हतं. दिव्याला तीनशे रुपये लागले असते. गेटला दर गाळ्याची साडेतीन हजार वर्गणी निघाली, आणि दिवा तेव्हा राहूनच गेला.

गेट बसायच्या आदल्या रात्री वॉचमननं जिन्याखाली दोन बादल्या पाणी मारलं, म्हणजे पुठ्ठे अंथरताच येऊ नयेत. हा उपाय बाजारपेठेत सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी त्याला वाईट म्हणत नाही, कारण दिसायला ती साफसफाई असते. मी स्कूटर काढत होतो. तुम्ही वॉचमनला नाही, मला म्हणालात, “मालक, संक्रांत तर होऊ द्या.” एरवी झेरॉक्सवाले, त्या रात्री मालक. मी म्हणालो, कमिटीनं ठरवलंय.

तुमचं ते वाक्य मागणी म्हणून किती लहान होतं, हे मला पुढे एका जुन्या निकालामुळे कळलं. जुलै 1981 मध्ये, भर पावसाळ्यात, मुख्यमंत्री अंतुल्यांनी मुंबईतल्या फुटपाथवरच्या लोकांना हटवून त्यांच्या त्यांच्या गावी पाठवायचं जाहीर केलं होतं. ओल्गा टेलिस या पत्रकार आणि काही फुटपाथवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. 1985 मध्ये निकाल लागला. जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्कही येतो, असं न्यायालयानं त्यात म्हटलं, म्हणून तो नावाजला जातो. हटवायला मात्र मनाई केली नाही. लोक पुढचं विसरतात. हटवण्याआधी माणसाचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे, असं न्यायालय म्हणालं, आणि पावसाळा संपून 31 ऑक्टोबर उलटेपर्यंत कुणाला हात लावू नका, असंही. देशातलं सगळ्यात मोठं कोर्ट पाऊस थांबेपर्यंत थांबलं. आमच्या कमिटीला संक्रांतीपर्यंत थांबता आलं नाही.

कुणी म्हणेल, फुटपाथ सरकारचा आणि जिना आमचा. बरोबर आहे. कायद्यानं तुमचा त्या कोपऱ्यावर फुटपाथवाल्याइतकाही हक्क नव्हता. पण आमच्या जुन्या वाड्यांना वळचण असायची. भिंत आमची, पत्रा आमचा, पण पावसात वळचणीला कोण उभं आहे याची चौकशी कुणी करत नसे. रस्त्याच्या बाजूच्या ओट्यावर रात्री कुणी पथारी टाकली तर आजी सकाळी फक्त ‘सडा टाकायचाय, उठा’ म्हणायची. तो जमाना फार दयाळू होता अशातला भाग नाही. कोणत्या जातीच्या माणसानं कोणाच्या ओट्यावर टेकायचं याचे नियम तेव्हा अतिशय कडक होते, आणि ते आठवले की वळचणीचं कौतुक जरा आवरतं घ्यावं लागतं. तरी मालकीच्या कडेला थोडी सैल जागा असते, एवढं तेव्हाच्या इमारतींना कळत होतं. आताच्या इमारतीला कडाच नाही. ती शटरपाशी सुरू होते, कुलपापाशी संपते. मुंबईत फोर्टमधल्या एका बँकेनं 2018 मध्ये दारापुढच्या जागेत टोकदार खिळेच बसवले होते. ओरड झाल्यावर काढले. आमच्या गेटवर कुणी ओरड केली नाही, कारण गेट सगळीकडेच असतं.

यानंतरचं लिहायला मला वर्ष लागलं.

एप्रिल 2025, रामनवमीचा सुमार. शिर्डीत नगरपरिषद, पोलीस आणि साईसंस्थान यांनी मिळून भिक्षेकऱ्यांची धरपकड केली. तशी मोहीम फेब्रुवारीतही झाली होती. त्याच महिन्याच्या सुरुवातीला तिथं संस्थानच्या दोन कर्मचाऱ्यांचे पहाटेच्या वेळी खून झाले होते, गावात भीती होती. त्याआधी जानेवारीत एका माजी खासदारांनी प्रसादालयातल्या मोफत जेवणामुळे भिकारी गोळा होतात, असं जाहीरपणे म्हटलं होतं. एप्रिलच्या मोहिमेत पन्नासच्या आसपास माणसं उचलून श्रीगोंदा तालुक्यातल्या विसापूरच्या भिक्षेकरी गृहात पाठवली गेली. तिथं तब्येत ढासळल्यावर त्यांतल्या काहींना आमच्या नगरच्या जिल्हा रुग्णालयात आणलं, आणि तिथं चौघं गेले. नातेवाइकांनी आरोप केला की त्यांना बांधून ठेवलं होतं, अन्नपाणी दिलं नाही. प्रशासनाचं म्हणणं असं की माणसं आधीच आजारी होती, व्यसनी होती. आम्ही दुकानदारांनी ती बातमी जशी वाचतात तशीच वाचली. कुणीतरी ‘फार वाईट झालं’ म्हणालं आणि पुरवणीकडे वळलं.

मृतांची नावं छापून आली होती. मी ती दोनदा वाचली. मग लक्षात आलं की वाचून उपयोग नाही. मला तुमचं नाव माहीत नव्हतं.

बाबा, पत्राचं कारण हे एवढंच आहे. जिल्हा रुग्णालय माझ्या गाळ्यापासून दूर नाही. मी जाऊन पाहू शकलो असतो. काय सांगून आत जायचं होतं? नातं काय, असं विचारलं असतं, आणि मग नाव विचारलं असतं. मी गेलो नाही. आमचं गेट लागल्यावर तुम्ही कुठं गेलात, उड्डाणपुलाखाली, तारकपूरच्या स्टँडवर, की ‘शिर्डीत जेवायला तरी मिळतं’ म्हणून मनमाडच्या गाडीत बसलात, यातलं काही मला ठाऊक नाही. तुम्हाला शिर्डीला मी पाठवलं, असा माझा दावा नाही. पण तुम्हाला उठवताना ‘कुठं जाल?’ हे दोन शब्द कुणी विचारले नाहीत, आणि तिथं जे अकरा जण होते त्यांत मीही होतो.

माझ्या गाळ्यात साईंचा फोटो आहे, लाल झिरोचा बल्ब लावलेला. तुम्ही तो रस्त्यावरून हात जोडून बघायचा. तुम्हालाही आम्ही बाबाच म्हणायचो, भिंतीवरच्यांनाही. पोथीत वाचलेलं सगळं नंतर वेगळंच दिसायला लागलं. हा फकीर शिर्डीत आला तेव्हा खंडोबाच्या देवळात त्याला राहू दिलं नाही, मग कडुनिंबाखाली आणि नंतर पडक्या मशिदीत त्यानं मुक्काम केला. पाच घरची भिक्षा मागून खाल्ली. आणि दिव्यात घालायला तेल मागायला गेला तेव्हा गावातल्या दुकानदारांनी नाही म्हटलं. पाण्यावर दिवे पेटल्याचा चमत्कार आपण सांगतो. त्याआधीचा नकार आमच्या धंद्यातल्या माणसांचा होता. 1918 च्या दसऱ्याला ते गेले आणि नागपूरच्या बुट्टींनी बांधलेल्या भल्याथोरल्या वाड्यात त्यांची समाधी झाली. छप्पर मिळालं ते गेल्यावर. ज्या माणसाला ना नाव विचारता आलं ना गाव, त्याच्या गावातून आता निर्नाव माणसं गाडीत भरून नेली जातात, आणि कायदाही त्यासाठी तयार असतो. 1959 चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा ‘उघड दिसेल असं उपजीविकेचं साधन नाही आणि सार्वजनिक जागी रेंगाळतो’ अशा माणसालाही भिकारी ठरवू शकतो. वॉरंटची गरज नाही. पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षं डांबता येतं. दिल्लीत लागू असलेली त्याची मुख्य कलमं तिथल्या उच्च न्यायालयानं 2018 मध्ये घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्रात तो अजून चालतो. ‘उघड दिसेल असं साधन’ ही कसोटी माझ्या ऊसतोडीतून आलेल्या गिऱ्हाइकांना लावली तर मार्चनंतर निम्मे भिकारी ठरतील.

बाहेर काही वेगळं चाललंय असंही नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं जून 2024 मध्ये ऑरेगनमधल्या ग्रँट्स पास या गावाच्या बाजूनं निकाल दिला: उघड्यावर झोपल्याबद्दल गाव दंड करू शकतं, झोपायला दुसरी जागा असो वा नसो. श्रीमंत देशानं एवढं स्पष्ट बोलून दाखवलं. आम्ही पाणी मारतो.

तुम्हाला कायम जिन्याखालीच झोपू द्यायला हवं होतं, असं मी म्हणत नाही. तो कोपरा माणसानं राहायची जागा नव्हे. 2011 च्या जनगणनेत बेघर कोणाला म्हणायचं याची व्याख्या आहे: रस्त्याकडेला, फुटपाथवर, मोठ्या पाइपात, पुलाखाली, देवळाच्या आवारात, फलाटावर राहणारे, आणि जिन्याखाली. हो, जिनाही आहे त्यात. 28 फेब्रुवारीच्या एका रात्रीत देशभर ही मोजणी झाली आणि देशात सुमारे 17 लाख 73 हजार, महाराष्ट्रात दोन लाखांहून जास्त माणसं निघाली. म्हणजे सरकारला तुमचा कोपरा माहीत होता. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष होता की शहरात दर लाख लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांची सोय असलेला, बारा महिने चोवीस तास उघडा निवारा असावा, माणशी पन्नास चौरस फूट. 2011 ला नगर शहराची लोकसंख्या साडेतीन लाख होती. हिशेब शाळेतल्या पोरालाही जमेल. मी वीस वर्षं महापालिकेचा कर भरतोय. पाणी, कचरा, रस्ता, सगळ्यासाठी निवेदनं दिली. निवाऱ्यासाठी एकदाही नाही. आमच्या व्यापाऱ्यांच्या कोणत्याही निवेदनात हा शब्द मी पाहिलेला नाही. ‘बंदोबस्त’ मात्र प्रत्येकात असतो.

त्याऐवजी आम्ही फोन करतो. नगरला तशी मोठी माणसं आहेत. शिंगवे नाईकला डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे रस्त्यावर टाकून दिलेल्या मनोरुग्ण बायकांना घरी आणून सांभाळतात, वर्षानुवर्षं. अशा लोकांचे नंबर प्रत्येक दुकानदाराच्या मोबाइलमध्ये असतात, आणि ते आम्ही ज्या सुरात लावतो तो घंटागाडीला बोलवायचा सूर असतो: या आणि हे घेऊन जा. त्यांनी जन्म वाहिला तो माणसांसाठी, आमची पायरी मोकळी व्हावी म्हणून नव्हे. माझ्या मते सगळ्यात मोठी लबाडी इथंच आहे. हटवणाऱ्याला हटवल्याचं पाप नको असतं, म्हणून तो ते दुसऱ्याच्या पुण्यात खपवतो.

गेट अजून आहे. ते काढा असं मी मीटिंगमध्ये म्हणालो, तेव्हा एक जण म्हणाला, “तुमच्या गाळ्यात झोपवा मग.” मी गप्प बसलो. माझा गाळा दहा बाय बारा, दोन मशिनी, शाई, कागद. पण जागा नव्हती म्हणून मी गप्प बसलो, असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही. जिन्यात दिवा मात्र बसवून घेतला. ताई म्हणाल्या, आता बरं वाटतं उतरताना.

निवाऱ्यासाठी एक अर्ज तयार केला आहे, माझ्याच मशिनवर. पाच गाळ्यांच्या सह्या झाल्या, सहा राहिल्या आहेत.

कळावे. लोभ तेव्हाही मागितला नव्हता, आता काय तोंडानं मागू.

आपला,
झेरॉक्सवाला

ता. क. — तुमचं बोचकं मीटररूममध्येच राहिलं होतं. वॉचमन फेकणार होता, मी ठेवून घेतलं. चादर, एक कोयता मूठ नसलेला, चष्मा, आणि स्टीलचं ताट. ताटाच्या मागं नाव घातलेलं आहे, बाईमाणसाचं. पुढं ‘हिस मामाकडून’ आणि 1979 च्या मे महिन्यातली तारीख. मधली दोन-तीन अक्षरं घासून गेलीत, पण लागतात. ते नाव इथं छापत नाही. बोचकं मीटररूममध्येच आहे, ताट मात्र गाळ्यात आणून ठेवलंय, तिकडे उंदीर फार झालेत.